पाइप गॅसची सेवा: स्वयंपाकघरात चोख, रस्त्याखाली बेवारस

आमच्या वसाहतीत पाइप गॅस येऊन चार वर्षे झाली. या काळात पुरवठा दोनदाच बंद राहिला आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी सूचना मिळाली होती. मीटरची नोंद वेळेवर घेतली जाते, देयकही समजेल अशा भाषेत येते. भरलेला सिलिंडर जिन्यावरून चढवून आणण्याचे दिवस आठवले, की या सेवेला नावे ठेवणे जिवावर येते. तरीही हे परीक्षण लिहावे लागत आहे, कारण सेवा देणारी कंपनी आणि रस्त्याची मालकी असलेले स्थानिक प्रशासन या दोघांच्या मध्ये जी जागा उरते, त्या जागेचा वाली कोणी नाही.

आधी घरातल्या व्यवस्थेविषयी, कारण ती खरोखर चांगली आहे. मीटरपाशी एक आणि शेगडीपाशी एक असे दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह आहेत, आणि जोडणी झाली त्या दिवशी तंत्रज्ञाने प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फवारून बुडबुडे येत नाहीत याची खात्री आमच्यासमोर करून घेतली. शेगडीपर्यंत येणाऱ्या वायूचा दाब साधारण २१ मिलिबार असतो, म्हणजे जेमतेम वीतभर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. हा वायू मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असल्यामुळे सिलिंडरमधल्या वायूसारखा जमिनीलगत साचून राहत नाही. वरचा झरोका उघडा असेल तर बाहेर पडतो. यंदाच्या वार्षिक तपासणीला आलेल्या गृहस्थांनी मात्र साबणाच्या पाण्याची बाटली पिशवीतून बाहेर न काढताच वहीवर सही मागितली, हे इथे नोंदवून ठेवतो.

रस्त्याखालची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पिवळ्या प्लास्टिकच्या वाहिनीत दाब ४ बारपर्यंत असू शकतो, म्हणजे घरातल्या दाबाच्या जवळपास दोनशेपट. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी जलवाहिनीसाठी खोदाई सुरू असताना यंत्राच्या दातांना धोक्याची सूचना छापलेली प्लास्टिकची पट्टी अडकून वर आली. ही पट्टी वाहिनीच्या वरच्या बाजूला मुद्दाम पुरलेली असते, ती दिसली की थांबायचे, एवढाच तिचा अर्थ. यंत्रचालकाने ती ओढून बाजूला टाकली आणि पुढचा घास घेतला. आमच्यापैकी दोघांनी धावत जाऊन काम थांबवले. चौकशी केल्यावर कळले, की ठेकेदाराकडे खोदाईची परवानगी होती, पण गॅसवाहिनीचा नकाशा नव्हता, आणि कंपनीला या कामाची कल्पनाच देण्यात आली नव्हती.

वाहिनीला फक्त ओरखडा गेला होता, गळती नव्हती, असे सांगून विषय मिटवण्याचा प्रयत्न झाला. ओरखडा ही किरकोळ बाब नसते. बेल्जियममधल्या गिलेंगियें येथे ३० जुलै २००४ रोजी झालेल्या स्फोटात २४ जणांचा जीव गेला, आणि तिथली उच्चदाबाची पोलादी वाहिनी आधीच्या बांधकामात यंत्राचा मार लागून कमकुवत झालेली होती. आमची वाहिनी त्या जातीची नाही हे मान्य; पण मार लागलेला भाग उघडा करून तपासल्याशिवाय माती लोटायची नाही, हा नियम दोन्हींकडे सारखाच लागू होतो.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट उघड झाली. खबरदारी म्हणून गल्लीचा पुरवठा तोडायला आलेल्या पथकाला व्हॉल्व्हच्या चेंबरचे झाकणच सापडेना, कारण डांबरीकरण करताना ते गाडले गेले होते. पहारीने ठोकत, आवाजावरून अंदाज घेत ते शोधण्यात चाळीस मिनिटे गेली. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी वाहिनी फुटली तेव्हा वायूचा प्रवाह थांबवायला ९५ मिनिटे लागली होती. त्या दुर्घटनेत ८ माणसे गेली आणि ३८ घरे नष्ट झाली. तिथे कारणे निराळी होती, पण व्हॉल्व्ह वेळेवर हाताशी नसण्याची किंमत तीच.

‘गळती झाली तर वास येईलच’ हे उत्तर आम्हाला कार्यालयात दोनदा ऐकवण्यात आले. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १९३७ मध्ये टेक्सासच्या न्यू लंडन गावातील शाळेत न कळलेल्या गळतीने सुमारे तीनशे जणांचा, त्यांत बहुतांश मुलांचा, बळी घेतल्यानंतर वायूत मर्कॅप्टनसारखे उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती तिथे झाली. मात्र हा वायू मातीतून झिरपत जाताना त्याचा वास बराच शोषला जाऊ शकतो. शिवाय वरचा रस्ता काँक्रीटने बंद केला, की वायू सरळ वर न येता गटारे आणि केबलच्या नळ्या यांतून आडवा सरकत थेट इमारतीच्या तळाशी पोहोचतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेले, की एक ठिणगी पुरते. त्यामुळे ठराविक मुदतीने गळतीशोधक यंत्र घेऊन रस्त्यावरून फिरण्याला पर्याय नाही.

वसाहतीतील १४२ कुटुंबांच्या सह्यांचे निवेदन आम्ही स्थानिक प्रशासनाला दिले. कंपनीचा प्रतिनिधी जागेवर हजर असल्याशिवाय खोदाई सुरू होऊ नये, रस्ता करताना चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलून घ्यावीत आणि वाहिन्यांचा अद्ययावत नकाशा अग्निशमन केंद्रात असावा, एवढेच आमचे म्हणणे होते. उत्तरात ‘सदर बाब संबंधित कंपनीच्या अखत्यारीत येते’ असे कळवण्यात आले. कंपनीचे पत्र त्याआधीच आले होते. रस्ता त्यांच्या अखत्यारीत येत नाही, असे त्यात म्हटले होते. दोन्ही पत्रे एकाच कागदावर झेरॉक्स करून आम्ही दुसरे निवेदन दिले, तेव्हा कुठे संयुक्त पाहणी झाली.

पुरवठ्याला पाचपैकी पाच, घरातल्या जोडणीला चार आणि रस्त्याखालच्या सुरक्षिततेला दोन गुण देतो. त्यांतला एक त्या पाहणीसाठी आहे. पाहणीनंतर सातपैकी पाच झाकणे मोकळी झाली. उरलेल्या दोन चेंबरचे अंतर आम्ही शेजारच्या कुंपणभिंतीवर पिवळ्या रंगाने लिहून ठेवले आहे.