आउटडोअर किचनच्या सिटिंगसाठी फर्निचर घेताय? आमचं काय झालं ते वाचा

गावच्या घरी, फार्महाऊसवर किंवा टेरेसवर चूल-बार्बेक्यूचा ओटा करून त्याच्या भोवती बसायला फर्निचर घेणार असाल तर हे आधी वाचा, मोठं झालंय पण मुद्दाम सगळं लिहितेय.

रेवदंड्याच्या बाजूला सासरचं घर आहे. मागच्या अंगणात चूल, बार्बेक्यू आणि ३६ इंच उंच ग्रॅनाइटचा ओटा करून घेतला, कारण थंडीत पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा वगैरे भाजायचा आमच्याकडचा बेत) असतेच आणि पोपटीला वीस-पंचवीस माणसं सहज जमतात. मडकं तयार होईपर्यंत सगळी भोवती उभी, म्हाताऱ्या माणसांचे तर हालच. म्हणून ठरवलं, ओट्याला लागून चार उंच स्टूल म्हणजे करणाऱ्याशी गप्पा मारत बसता येईल, आणि चुलीपासून जरा लांब सोफा सेट. आता समुद्राकाठी दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री उशिरा उलटा फिरतो, धूर पण त्याच्याबरोबर फिरतो, त्यामुळे सोफे हलके पाहिजेत, बाबांना (सासऱ्यांना) एकट्याने सरकवता आले पाहिजेत अशी अट होती. म्हणूनच महाग पडलं तरी अॅल्युमिनियमची फ्रेम मागितली होती. हे आधी सांगतेय कारण फसवणूक नेमकी इथेच झाली.

दुकानदार मुंबईतल्या एका मोठ्या फर्निचर मार्केटमधला, इन्स्टावर झकास रील्स. दुकानात दाखवलेला पीस खरंच चांगला होता, अॅल्युमिनियम फ्रेम, वर एचडीपीईची (प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची) वीण, ४० डेन्सिटीच्या गाद्या, स्टूल एसएस ३०४ चे (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील) आणि सीट २६ इंचावर. मी सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं, त्यावर त्याचं "येस मॅडम सेम टू सेम". एकूण १ लाख ३५ हजार, ६० टक्के अॅडव्हान्स. बिलाशिवाय घ्या, जीएसटीचे १८ टक्के वाचतील असं पण म्हणाला, आम्ही म्हटलं बिलच पाहिजे.

माल आला तो रात्री. टेम्पोवाला म्हणे वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. बरोबरची दोन पोरं गाडीतूनच, "मॅडम बाकीचं पेमेंट टाका, शेठचा फोन आला की उतरवतो". सगळं बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळलेलं, आणि उघडून बघू म्हटलं तर शेठ फोनवर, उघडलं आणि स्क्रॅच निघाला तर जबाबदारी आमची नाही. ही काय टेम्पोवाल्याची घाई नव्हती, ही त्यांची पद्धतच आहे, अलिबागच्या अजून एका घरी अगदी हाच डायलॉग झालाय, नंतर कळलं. पेमेंट गेल्यावर पोरांनी सामान मांडून पण दिलं, गाद्या फटाफट लावल्या, मोबाईलवर फोटो काढले आणि गेली.

सकाळी बाबा सोफा सरकवायला गेले तर हलेना. त्यांनी फ्रिजवरचा मॅग्नेट आणून लावला, टक्कन चिकटला. अॅल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही, म्हणजे हा साधा लोखंडी पाइप, वरून पावडर कोटिंग. पायाखालची प्लॅस्टिकची टोपी काढली तर आत कापलेली कड कोरी, कोटिंगच नाही, आणि समुद्राकाठी गंज तिथूनच सुरू होतो.

स्टूल ३० इंची निघाले. ३६ च्या ओट्याला २४ ते २६ ची सीट लागते, मांडीसाठी दहा-बारा इंच जागा नको का? ३० इंची स्टूल ४२ इंची बार काउंटरचे. आमच्याकडे त्यावर बसलं की गुडघे ग्रॅनाइटला घासतात. स्टीलचं तर अजूनच वाईट, कारण ३०४ आणि २०२ (स्वस्तातलं, लवकर गंजणारं स्टील) दोन्हीला मॅग्नेट नीट पकडत नाही, त्यामुळे मॅग्नेट टेस्ट इथे काही कामाची नाही. गावातल्या फॅब्रिकेटरकडे ड्रॉपची टेस्ट असते, स्टीलवर केमिकलचा थेंब टाकून बॅटरी लावायची, आमचं लाल झालं म्हणजे २०२. पावसाळ्यात वेल्डिंगवर तांबूस डाग आलेच.

गाद्यांचं मात्र कुणी सांगत नाही म्हणून नीट सांगते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, बाकी काही नाही. दोन बाय दोन फूट, चार इंच जाड गादीचा नुसता फोम ४० डेन्सिटीचा असेल तर दीड किलोच्या आसपास भरला पाहिजे. चेन उघडून फोम काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. आमचा पाऊण किलोसुद्धा भरला नाही! दाबून बघण्यात काही अर्थ नाही, नवीन फोम सगळा छानच लागतो.

फोन केला तर आधी "चुकून दुसऱ्या पार्टीचा माल आला", मग "बदलून देतो, टेम्पोभाडं तुमचं", मग ब्लॉक. त्याने व्हॉट्सअॅपवरचे त्याचे मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन करायला घेतले होते, पण नवऱ्याने स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवलेले. बिलावरचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होत होता, दुकान मुंबईत आणि नंबर गुजरातचा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर भलत्याच नावाची कापडाची फर्म! हे चेक करायला लॉगिन पण लागत नाही.

१९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार नोंदवली, दुकानाकडून उत्तरच नाही. मग वकिलाची नोटीस, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय, ई-जागृतीवरून (ग्राहक आयोगांचं ऑनलाइन पोर्टल). पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच केस टाकता येते, त्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं.

दरम्यान बसायला गावच्या गवंड्याकडून जांभ्याचे कट्टे बांधून घेतले, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे काही सरकवायलाच नको.

आणि त्या पोरांनी काढलेले फोटो आता नवीन नावाच्या पेजवर फिरतायत, "हॅप्पी कस्टमर, अलिबाग" म्हणून. आमचाच ओटा, आमचीच चूल, मागे दोरीवर बाबांची लुंगी. कुणाला ती जाहिरात दिसली तर रिपोर्ट करा आणि स्क्रीनशॉट मला पाठवा, वकिलांना हवेत.