‘घरात मराठी बंद करा’ सांगणाऱ्या स्पीच सेंटरबद्दल

इंदुरात लहान मुलांच्या ‘स्पीच थेरपी’च्या पाट्या आता अन्नपूर्णा रोडपासून विजय नगरपर्यंत जागोजागी दिसतात. काहींच्या मागे नीट शिकलेली, नोंदणी असलेली माणसं आहेत. काहींच्या मागे रंगीत चटई आणि खेळण्यांपलीकडे काहीच नाही. आई-बापांना बाहेरून फरक कळत नाही, आणि फसवणारे नेमके याच्यावर जगतात. माझा मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, नातवाला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे होतं. सगळं जवळून पाहिलं आहे म्हणून मीच लिहितेय. ग्राहक आयोगात तक्रार चालू असल्यामुळे सेंटरचं नाव देत नाही. त्यांची पद्धत मात्र पूर्ण सांगते.

नातू तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. साधारण वर्षाच्या आसपास मूल पहिला अर्थाचा शब्द बोलतं, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘पाणी दे’, ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडणी येते. आमच्याकडे मंमं, भुर्र, काऊ, भुभू आणि आणखी चार-दोन, बस एवढंच. हवं ते बोट धरून ओढत नेऊन दाखवायचा, हसायचा, डोळ्याला डोळा द्यायचा. सर्दी मात्र त्याची कधी उतरायची नाही. घरात काळजी होतीच. सून रात्र-रात्र मोबाइलवर त्याबद्दल वाचत बसायची.

अशा वेळी जवळच्या एका प्ले-स्कूलमध्ये ‘फ्री असेसमेंट कॅम्प’ लागला. एका मुलीने नातवासमोर चित्रांचं पुस्तक धरलं, ‘ये क्या है?’ असं तीन-चारदा विचारलं, तो बोलला नाही. दहा मिनिटांत छापील कागद हातात आला : ‘६५ टक्के डिले’. हे ६५ कुठून आले, ते कोणी सांगितलं नाही. खरी तपासणी कशी असते ते नंतर पाहिलं. मुलाला कोणत्या वयाच्या मुलाइतकं समजतं आणि ते स्वतः कोणत्या वयाच्या मुलाइतकं बोलतं, हे वेगवेगळं काढतात, घरच्यांना तासभर प्रश्न विचारतात, मुलासोबत जमिनीवर बसून खेळतात. त्या कॅम्पमध्ये सर्वांत महत्त्वाचा प्रश्नच विचारला गेला नाही : मुलाला नीट ऐकू येतं का?

कागदापाठोपाठ आला धाक. ‘तीन साल के बाद दिमाग की खिड़की बंद हो जाती है, फिर आप हमारे पास मत आइएगा।’ पहिली वर्षं भाषेसाठी फार मोलाची असतात आणि मदत जितकी लवकर तितकी बरी, हे खरंच आहे. तिसऱ्या वाढदिवसाला सगळं संपतं, हे धादांत खोटं. पण खऱ्याला खोटं असं चिकटवलं की आईच्या काळजाचं पाणी होतं. साठ सेशनचं पॅकेज, ४८,००० रुपये, सगळे आगाऊ, आणि ‘आज ही जॉइन करेंगे तो’ त्यातून ६,००० कमी. सुनेने तिथेच फोनवरून पैसे पाठवले. पावती दुसऱ्या दिवशी मिळाली. तिच्यावर ‘ॲक्टिव्हिटी फी, नॉन-रिफंडेबल’ असं छापलेलं होतं. थेरपी हा शब्द पाटीवर, कागदावर, भिंतीवर सगळीकडे होता. पावतीवर तेवढा नव्हता.

मग सुरू झाला बंद दाराचा कारभार. मूल आत, आम्ही बाहेर. ‘पैरेंट्स के सामने बच्चा नखरे करता है।’ काचेतून पाहू का, तर काचेला आतून कागद चिकटवलेला. कॅमेरा आहे, पण ‘प्राइवेसी’ म्हणून दाखवणार नाहीत. दोन-सव्वादोन वर्षांच्या मुलासोबत बंद खोलीत काय चालतं हे आजीला पाहू देत नाहीत, ही एकच गोष्ट उठून निघून यायला पुरेशी आहे. ज्यांचं मूल आज अशा दाराआड बसतंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, उद्याच आत बसायची मागणी करा. आत बसू देत नसतील तर मुलाला घेऊन घरी या. या वयाच्या मुलाच्या थेरपीत आई-बाप खोलीत असावेच लागतात. थेरपिस्ट आठवड्यातून दोन-तीन तास भेटणार, उरलेला सगळा वेळ मूल घरच्यांबरोबर असतं. थेरपिस्ट जे करते ते घरच्यांनी शिकून दिवसभर करायचं, कामाचा गाभा तोच आहे.

एकदा आतला दरवाजा उघडा राहिला तेव्हा मला दिसलं ते असं. त्या मुलीने नातवाच्या गालाला आणि ओठांना बॅटरीवरचं थरथरणारं यंत्र लावलं होतं, तो रडत होता, आणि समोर टॅबवर इंग्रजी बालगीतं मोठ्याने चालू होती. त्याला ते ‘ओरल मसाज’ म्हणत. शिवाय शिट्टी फुंकणं, मेणबत्ती विझवणं, जिभेला मध लावून बाहेर काढायला लावणं. नंतर भेटलेल्या शिकलेल्या थेरपिस्टने सांगितलं की फुंकण्याच्या आणि जीभ हलवण्याच्या असल्या कसरतींनी भाषा येत नाही. ज्या तोंडाने मूल पोळी चावून खातं, त्या तोंडात ताकद कमी म्हणून ते बोलत नाही, असं नसतं. शब्द येतात ते माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून. टॅब काही उत्तराची वाट पाहत नाही.

आणि सगळ्यांत क्रूर गोष्ट म्हणजे मराठी बंद. ‘घर में मराठी, बाहर हिंदी, स्कूल में इंग्लिश, बच्चा कन्फ्यूज़ हो रहा है। दादीजी, आप तो बिलकुल मराठी मत बोलिए।’ मुलाशी फक्त इंग्रजीत बोला, असा लेखी ‘होम प्लान’ दिला. आमचं घराणं होळकरांच्या काळापासून इथलं, चार पिढ्या मराठीत वाढल्या आणि बाहेर हिंदी बोलल्या. मला इंग्रजी वाचता येतं, पण नातवाला मांडीवर घेऊन इंग्रजीत लाडेलाडे बोलणं माझ्याने होत नाही. मग काय, मी गप्प झाले. काऊ-चिऊची गोष्ट बंद, जेवताना चांदोबा बंद, आंघोळीची गाणी बंद. ज्या मुलाला जास्तीत जास्त बोलणं ऐकायची गरज होती, त्याच्या भोवतालचं निम्मं बोलणं पैसे घेऊन थांबवलं गेलं. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला उशीर करत नाही, हे भाषेचे तज्ज्ञ कितीतरी वर्षं सांगत आहेत. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजतात. घरच्या माणसांनी ज्या भाषेत मनापासून बोलता येतं त्या भाषेतच मुलाशी बोलायचं असतं.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा. पाच शब्द, मग बारा, मग बावीस. वाचून मुलगा-सून खूश व्हायचे. मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे, लिहून ठेवायची सवय हाडात भिनलेली. नातवाने काय म्हटलं, कशासाठी म्हटलं ते मी वहीत टिपत होते. रिपोर्टात ‘ॲपल, बॉल, कॅट, अंब्रेला’. माझ्या वहीत ‘हम्मा, पापा, दे’. माझ्या वहीतले शब्द त्यांच्याकडे नाहीत, त्यांचे शब्द घरात कोणीही ऐकलेले नाहीत. विचारलं तर म्हणे, इथे बोलतो, घरी बोलत नाही, आणि भुभू-हम्मा हे ‘बेबी साउंड’ आहेत, ते धरत नाहीत. हेही खोटं. मूल एखाद्या गोष्टीसाठी प्रत्येक वेळी ठरवून तोच आवाज काढत असेल तर तो त्याचा शब्द असतो, कुत्र्याला ‘भुभू’ म्हणणारं मूल कुत्र्याचं नाव घेतच असतं. त्याच महिन्यात रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आमच्या नातवाऐवजी कुठल्या तरी मुलीचं नाव तसंच राहून गेलेलं सापडलं. एकच रिपोर्ट, फक्त नाव बदलून, किती घरांत गेला असेल कोण जाणे.

माझ्या मते या धंद्याचं सगळ्यात धोक्याचं अंग वेगळंच आहे. उशिरा बोलणारी बरीच मुलं कालांतराने आपली आपणही पुढे सरकतात. कोणतं मूल सरकेल आणि कोणतं मागे राहील हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर तपासणी लागते. पण जे मूल आपोआप बोलायला लागलं, त्याचं श्रेय सेंटर घेतं. त्याच्या आईचा आनंदाश्रूंचा व्हिडिओ घेतला जातो, तो पुढच्या कॅम्पमध्ये दाखवला जातो. ती आई खोटं बोलत नसते. जे मूल बोलत नाही त्याच्या आईचा व्हिडिओ कोणी घेत नाही, तिला आणखी तीस सेशन घ्यायला सांगतात. म्हणून अशा व्हिडिओवर विसंबू नका, कितीही खरे वाटले तरी.

आम्ही बाहेर पडलो ते आमच्या बालरोगतज्ज्ञांमुळे. लस द्यायला नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘काकू, कानाची तपासणी कधी केली?’ केलीच नव्हती. झोपेत डोक्याला तारा लावून करतात ती बेरा चाचणी झाली, कानाच्या पडद्याची टिंपॅनोमेट्री झाली. दोन्ही कानांत पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं होतं. सतत सर्दी असणाऱ्या मुलांत हे नेहमी आढळतं. मूल बहिरं नसतं, पण हळू आवाज आणि शब्दांची टोकं निसटतात, बोटं कानात घालून ऐकल्यासारखं. पुष्कळदा ते तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं. आमच्याकडे ओसरलं नाही, म्हणून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी छोटी शस्त्रक्रिया करून पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीकशी नळी, बसवलं. कान हेच एकमेव कारण, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण ज्याला धड ऐकूच येत नव्हतं, त्याच्या गालाला यंत्र लावून पैसे घेतले जात होते, एवढं मात्र पक्कं.

आता नोंदणीबद्दल, कारण यात मी नवीन काही शिकले. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, स्थापन झाली. स्पीच थेरपिस्टचं नाव तिच्या केंद्रीय नोंदवहीत असल्याशिवाय त्याला व्यवसाय करता येत नाही. त्यासाठीची मूळ पदवी बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषेच्या उपचारांची, इंटर्नशिप धरून चार वर्षांची. आमच्या सेंटरच्या भिंतीवर आरसीआयचा क्रमांक होता की! तो आम्ही परिषदेच्या वेबसाइटवर घालून पाहिला. क्रमांक खरा निघाला, पण तो एका विशेष शिक्षिकेचा होता, स्पीच थेरपिस्टचा नव्हे. ती बाई तिथे आम्हाला कधीच दिसली नाही. विचारल्यावर ‘मैडम विज़िट पर आती हैं’ हे उत्तर. नातवाबरोबर जी मुलगी बसायची तिने कुठलासा ऑनलाइन कोर्स केला होता. तिच्यावर माझा राग नाही, तिलाही तुटपुंजा पगार देऊन राबवत होते. म्हणून नुसता क्रमांक पाहून थांबू नका. नाव, पदवी, नोंदणीचा प्रकार आणि समोर बसलेलं माणूस, हे चारही जुळायला हवेत. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हजार रुपये! मुलाच्या वयातले महिने हिरावून घेणाऱ्याला हा दंड आजही तेवढाच असावा, याची मला चीड येते.

आता नातवाला जिच्याकडे नेतो ती शिकलेली थेरपिस्ट हिंदी बोलणारी आहे. पहिल्याच दिवशी मला जवळ बसवून म्हणाली, ‘दादी, आप मराठी में ही बोलिए, जितना बोल सकें।’ ती त्याला दोन वस्तू दाखवते, ‘केळं की बिस्किट?’ असं मला विचारायला लावते आणि मग गप्प राहायला लावते. मनात दहा मोजेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं. तो ‘के’ म्हणाला की ‘केळं हवं!’ म्हणून एक शब्द वाढवून परत द्यायचं. पैसे प्रत्येक वेळेचे, त्याच दिवशी, पावतीवर तिचं नाव आणि नोंदणी क्रमांक. पाहायला गेलं तर किती साधं, पण त्याच्या ‘दे’चं ‘आजी दे’ याच वाटेने झालं.

ज्यांना खासगी फी झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारी मार्ग आहे, हे आम्हाला कॅम्पवाल्यांनी सांगणं शक्यच नव्हतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, बोलण्यातला आणि वाढीतला उशीर त्यात येतो, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरकडे, म्हणजे लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलला नाक-कान-घसा विभाग आहे. भोपाळला केंद्र सरकारचं कंपोझिट रीजनल सेंटर, म्हणजे दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्र आहे.

पैशांचं म्हणाल तर सेंटरने ‘नॉन-रिफंडेबल’वर बोट ठेवलं. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. निकाल यायचा आहे. आमच्याकडे पॅकेजचा कागद, पावती, दुसऱ्या मुलीचं नाव असलेला रिपोर्ट, फक्त इंग्रजीत बोला असं लिहिलेला होम प्लान आणि माझी वही, सगळं जपलेलं आहे. तुमच्याकडेही असे कागद असतील तर टाकून देऊ नका. ‘ॲक्टिव्हिटी फी’ लिहिलेली पावती तर अजिबात नको, आणि त्यांचे मोबाइलवरचे मेसेजही पुसू नका.