ओबीडी स्कॅनर सात महिने वापरल्यावर: सगळा राग ‘कोड पुसा’ या बटणावर

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाने (ईसीयूने) नोंदलेले दोष मोबाइलवर वाचणारं यंत्र. माझा ब्लूटूथचा, ईएलएम ३२७ या चिपच्या पद्धतीचा. गाडी वापरलेली, नुकतीच घेतलेली, चार सिलिंडरची पेट्रोल, प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी वेगळी कॉइल. दुखणं एकच: सकाळी थंड इंजिन स्लोवर मिसिंग मारायचं आणि चढावर वरच्या गिअरला पाय दाबला की झटके द्यायचं. स्कॅनर कुठे खुपसायचा आणि ॲपला कसा जोडायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

या ॲपमध्ये दोषांच्या कोडची यादी उघडली की तिच्या लगेच खाली ‘कोड पुसा’ असं रुंद लाल बटण आहे. ‘नक्की पुसायचं का’ असं विचारत नाही. अंगठा लागला की काम तमाम. एवढ्याशा गोष्टीवरून दोन तारे का कापले, असं वाटेल. पण मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं, शोधताना पुसणं हीच सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. बटण फक्त कोड घालवत नाही. कोड नोंदला गेला त्या क्षणाच्या वाचनांची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, जाते. सिलिंडरवार मिसफायरची मोजणी जाते. बहुतेक गाड्यांत लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोल किती टक्के वाढवायचं-घटवायचं हे ईसीयूने शिकलेलं प्रमाण, शून्यावर येतो. ईसीयूच्या बहुतेक चाचण्या पुन्हा ‘अपूर्ण’ होतात. चेक इंजिनचा दिवा विझतो, दोष जागच्या जागी राहतो आणि हातातला पुरावा तेवढा संपतो.

फ्रीझ फ्रेमचं मोल समजण्यासाठी पी०३०२ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर झाला. कॉइल गेली असं तो म्हणत नाही. (दोन नंबर म्हणजे रांगेतला दुसरा, फायरिंग ऑर्डरमधला, म्हणजे ठिणगी पडण्याच्या क्रमातला, दुसरा नव्हे. एक नंबर कुठल्या बाजूला आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.) पण त्याच कोडच्या फ्रेममध्ये २१०० आरपीएम, लोड (इंजिनावरचा भार) ८४ टक्के, कूलंट ८८ अंश असं दिसलं, तर बोट आधी करंटकडे, म्हणजे कॉइल आणि प्लगकडे, जातं. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबाखाली ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमकुवत कॉइल किंवा झिजलेला प्लग तिथेच उघडा पडतो. उलट फ्रेममध्ये ८०० आरपीएम, थंड इंजिन आणि ट्रिम अधिक १८ असेल, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा किंवा चोंदलेला इंजेक्टर आधी बघायचा. फ्रेमच्या पानाचा फोटो काढल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नका.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे बटण दुसऱ्या बाजूनेही ओळखून असावं. विकण्याआधी कोड पुसून दिवा विझवता येतो. सुदैवाने त्याचा माग राहतो. ॲपमध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि ‘पुसल्यानंतर इंजिन किती वेळा गरम झालं’ अशी दोन वाचनं मिळतात. ८० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत अंतर ४१ किलोमीटर दिसलं, तर सौदा तिथेच थांबवून कारण विचारा. बॅटरी बदलली असेल तरी बऱ्याच गाड्यांत हा आकडा शून्य होतो, त्यामुळे फसवणूकच झाली असं त्यावरून ठरत नाही. मात्र गाडी आणखी १०० ते २०० किलोमीटर, शहरात आणि हायवेवर दोन्हीकडे, फिरवून पुन्हा तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रेडिनेसच्या, म्हणजे कुठल्या चाचण्या पूर्ण झाल्या त्या, यादीत मिसफायरसमोर ‘पूर्ण’ लिहिलेलं बघून समाधान मानू नका. ती चाचणी सतत चालू असते, म्हणून पुसल्यावर लगेचही ‘पूर्ण’च दिसते. कॅटॅलिस्ट (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर आणि इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) या ओळी बघा. त्या पूर्ण व्हायला गाडी खरोखर चालावी लागते.

पहिले दोन महिने माझं मत असं होतं, की हे यंत्र कोड वाचण्यापुरतं ठीक आहे, बाकीची पानं शोभेची. त्यातही मोड ०६, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल, हे पान निव्वळ आकड्यांचं जंगल वाटायचं. हे मत आता पूर्ण बदललं आहे. मिसफायरसाठी या स्कॅनरमधलं सगळ्यात कामाचं पान तेच.

कारण असं. क्रँक म्हणजे इंजिनचा फिरता दांडा; त्याच्या सेन्सरवरून प्रत्येक सिलिंडरच्या पॉवर स्ट्रोकला क्रँकचा वेग किती वाढला हे ईसीयू बघतो. वाढायला हवा तिथे वाढला नाही की एक मिसफायर मोजतो. पण कोड लगेच देत नाही. कॅटॅलिस्ट जळण्याइतके मिसफायर होतात का हे तो क्रँकच्या २०० फेऱ्यांच्या टप्प्यात बघतो, धुरातलं प्रदूषण वाढण्याइतके होतात का हे १००० फेऱ्यांच्या. दुसऱ्या प्रकारात दिवा पेटायला सहसा लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून चालवून बंद केली की एक) तोच दोष यावा लागतो. इथेच कॉइल अदलाबदलीची चाचणी फसते. दोन नंबरची कॉइल तीनवर टाकली, कोड पुसला, दहा किलोमीटर चालवली, कोड नाही. निष्कर्ष निघतो, ‘कनेक्टर सैल होता, हलवल्यावर बसला.’ मी तोच काढला आणि तो चूक होता. मोड ०६ मध्ये ए२ ते ए५ या ओळी म्हणजे सिलिंडर एक ते चार. प्रत्येकीत ०सी ही चालू ड्राइव्ह सायकलमधली मोजणी, ०बी ही मागच्या दहा सायकलची सरासरी. कोड आलेला नसतानाही तीन नंबरसमोर ५७ आणि बाकी तिघांसमोर ० दिसत होतं. दोष कॉइलबरोबर सरकला होता. कोडची वाट बघत बसायची गरजच नव्हती.

अदलाबदल करताना इंजिन थंड असू द्या. जुन्या गाडीत कनेक्टरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. खटका पूर्ण दाबून कनेक्टर सोडवा, वायर धरून ओढू नका. प्लग काढण्याआधी विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, हवा मारा, नाहीतर खडा सिलिंडरमध्ये जाईल. एका वेळी एकच वस्तू हलवा: आधी कॉइल, मग प्लग, शेवटी इंजेक्टर. दोन एकदम हलवल्या तर दोष सरकूनही उत्तर मिळत नाही. दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असलेल्या जुन्या रचनेत एक आणि चार, किंवा दोन आणि तीन असे जोडीने मिसफायर दिसले, तर अदलाबदलीआधी त्या कॉइलपाशीच जा.

कॉइल बदलून प्रकरण मिटत नाही, आणि इथेच लोक दुसऱ्यांदा खर्चात पडतात. नवी कॉइल टाकल्यावर मोजणी ५७ वरून ४ वर आली, शून्य झाली नाही. प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, फीलर गेजने मोजला तर १.१ मिमीच्या जागी १.५ निघाला. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल रोज तेवढं देत राहते आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. म्हणजे कॉइल मेली ती प्लगमुळे. शिवाय दोन नंबरच्या विहिरीत तेल होतं. व्हॉल्व्ह कव्हरखालच्या प्लग ट्यूबचं सील गळलं की तेलाने कॉइलचं रबर फुगतं, आणि करंट प्लगच्या टोकाऐवजी हेडच्या भिंतीकडे निसटतो. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर हेच घडतंय. असा प्लग नव्या कॉइलखाली किंवा अशी कॉइल नव्या प्लगवर पुन्हा बसवू नका, एकाचा डाग दुसऱ्यावर उमटतो. चारही प्लग एकदम, सील, आणि मेलेली एकच कॉइल, एवढाच खर्च योग्य. चारही कॉइल सरसकट बदलायला सांगितलं, तर आधी मोजणी दाखवायला सांगा.

ट्रिमबद्दल सावध राहा. मिसफायर चालू असताना लाँग टर्म ट्रिम अधिक १३ होता आणि पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हा कोडही सोबत होता. तो बघून इंजेक्टर सफाई किंवा एअर फ्लो सेन्सर सुचवला जातो. पण पेट्रोल जळलं नाही की त्याच्या वाट्याचा ऑक्सिजनही न वापरता सायलेन्सरकडे जातो. सेन्सर तो ऑक्सिजन बघून मिश्रण पातळ असल्याचं कळवतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. प्लग आणि कॉइल झाल्यावर ३०० किलोमीटरमध्ये ट्रिम अधिक ३ वर आला. आधी मिसफायर मिटवा, ट्रिम नंतर वाचा. तरीही वाढलेलाच राहिला तर स्लोवर आणि २५०० आरपीएमवर तुलना करा. आरपीएम वाढवल्यावर उतरला तर हवा गळतेय. लोडवर चढत गेला तर पेट्रोलचा दाब बघा.

दोष कॉइल, प्लग, इंजेक्टर कशाबरोबरच सरकला नाही, तर स्कॅनर बाजूला ठेवा. तिथे कॉम्प्रेशन गेज लागतं. सगळे प्लग बाहेर, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, स्टार्टरने पाच-सहा ठोके. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर बहुधा गॅस्केटच.

आणि दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर यातली कुठलीही तपासणी चालत्या गाडीत करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिस्टमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या.

बाकीच्या उणिवा झटपट. वाचनं सावकाश येतात, म्हणून ग्राफवर तीनपेक्षा जास्त ओळी लावू नका. यंत्राला बंद करायचं बटण नाही. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो. ४० मिलिअँपिअर ओढलं तरी दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास जातो, आठवडाभर उभ्या गाडीत यंत्र लावून ठेवू नका.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. हुबेहूब दिसणाऱ्या अनेक स्वस्त नकलांमध्ये मोड ०६ चं पान कोरं येतं किंवा अर्धवट येऊन थांबतं, आणि कॅन या संदेश-पद्धतीच्या आधीच्या गाड्यांत या ओळी वेगळ्या असतात. परत करण्याची मुदत असेपर्यंत आपल्याच गाडीवर ए२ ते ए५ उघडून बघा. मोजणी दिसली तर ठेवा, नाहीतर परत करा. आणि ॲप बनवणाऱ्यांनी पुसण्याआधी एक प्रश्न विचारायची सोय केली, तर कापलेले दोन तारे मी परत देईन.