पीजीपी ईमेल एन्क्रिप्शन: तीन सीझन वापरल्यावरचं मत

आमचं काम द्राक्ष एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं, ऑफिस नाशिकच्या गंगापूर रोडला, माल पिंपळगाव आणि दिंडोरीकडचा. नेदरलँड्सच्या एका खरेदीदाराने अट घातली की इनव्हॉइस, बँक डिटेल्स पीजीपीनेच (मेलचा मजकूर कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करायची पद्धत) पाठवा, म्हणून शिकून घेतलं. एन्क्रिप्शन भक्कम आहे, त्यात वाद नाही, पण वापरणारा माणूस घाईत असतो आणि चुकतो हे यात धरलेलंच नाही.

मागच्या फेब्रुवारीत काय झालं सांगतो, ऐन हंगाम, आम्ही नीट एन्क्रिप्ट करून बँक डिटेल्स पाठवले, समोरच्याने उघडले आणि रिप्लाय दाबला, पण त्याच्याकडे एन्क्रिप्टचं बटण बंद होतं, त्यामुळे आमचा अख्खा मजकूर खाली कोट होऊन उघडाच परत आला, तोही सीसीमधल्या चार जणांना. इतकी मेहनत एका क्लिकमध्ये पाण्यात. आणि हे नवीन नाही हो, १९९९ मध्ये अमेरिकेत पीजीपी ५.० वर टेस्ट झाली, १२ जणांना ९० मिनिटं दिली, त्यातल्या ३ जणांनी गुप्त मेसेज चुकून उघडाच पाठवला! पीजीपी आलं १९९१ ला, इतक्या वर्षांत ही चूक करायची सोय तशीच राहिली याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे चावी. लॅपटॉप फॉरमॅट झाला, प्रायव्हेट कीचा (मेल उघडायच्या आपल्या खासगी चावीचा) बॅकअप नव्हता, झालं, आधीच्या सीझनचे सगळे मेल कायमचे बंद. रिव्होकेशन सर्टिफिकेट (की रद्द झाली हे सांगणारी फाइल) काढून ठेवलं नव्हतं म्हणून जुनी की रद्दही करता येईना, लोक तिच्यावरच मेल पाठवत राहिले. उलटं झालं तर अजून वाईट, एकच की वर्षानुवर्षं चालते, ती कुणाच्या हाती लागली आणि त्याने जुने मेल साठवून ठेवले असतील तर सगळे एकदम उघडतात. सिग्नल या मेसेजिंग ॲपमध्ये चाव्या सतत बदलत राहतात, तिथे हा धोका बराच कमी.

सब्जेक्ट मूळ पीजीपीत झाकलाच जात नाही, थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये आता झाकता येतो, पण कुणी कुणाला किती वाजता पाठवलं ते उघडंच राहतं. २०१८ मध्ये ईफेल नावाची त्रुटी निघाली ती पण बघा, एचटीएमएल मेलच्या आडून उलगडलेला मजकूर बाहेर खेचता येत होता, म्हणून रिमोट इमेज (मेल उघडताच बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी चित्रं) बंदच ठेवा.

डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर अस्सल आहे का हे त्याच्या डिजिटल सहीवरून तपासायला जीपीजी (पीजीपीच्याच पद्धतीचं मोफत सॉफ्टवेअर) आजही चांगलं, त्यासाठी नक्की वापरा. रोजच्या मेलला मात्र २ स्टार. या सीझनपासून खरेदीदाराशी बोलून बँक डिटेल्स सिग्नलवर घेतो, आणि अकाउंट नंबर बदलला असं कळलं तर आधी फोन, ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. अण्णा दिवसभर बागेत असतात, पीजीपीचा मेल त्यांच्या मोबाईलवर कधी उघडलाच नाही, आता सिग्नलवर आलेली पावती तिथेच बघून घेतात.