वीज आणि ऊर्जेचे प्रयोग: मुलांच्या हातात नेमकं काय द्यावं?

विजेचा धडा मुलांनी हातानं करून शिकावा, एवढं ठरलं की लगेच साहित्याचा प्रश्न येतो. सेल, बल्ब आणि सुट्या वायर घ्याव्यात की खटकन बसणाऱ्या पट्ट्यांचं तयार किट? तांब्याची चिकटपट्टी आणि एलईडी, लिंबाची बॅटरी, हातानं फिरवायचा डायनामो, छोटं सौर पॅनेल, पडद्यावरचं सिम्युलेशन, प्रोग्राम करता येणारं बोर्ड असे पर्याय पुढे येतच राहतात. प्रत्येकाच्या वर्णनात ‘खेळता खेळता वीज शिका’ हेच लिहिलेलं असतं. पण ही साधनं एकच गोष्ट शिकवत नाहीत. काहींतून परिपथ (सर्किट) कळतो, काहींतून ऊर्जा कळते, आणि काहींमध्ये दिवा लागतो पण मुलाच्या डोक्यात काहीच हलत नाही.

निवडताना मी एकच गोष्ट बघते: दिवा लागण्याआधी मुलाला स्वतः काय ठरवावं लागतं, आणि त्याचा अंदाज चुकला तर ते त्याला समोर दिसतं का? पुढची सगळी तुलना याच कसोटीवर आहे.

सुट्या वायर की तयार किट?

एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि एकच वायर मुलांना द्या. होल्डर देऊ नका. बरीच मुलं बल्बचं बूड सेलच्या टोकावर टेकवतात आणि वाट बघतात. वीज सेलमधून निघते, बल्बमध्ये जाते आणि तिथे संपते, असं त्यांचं मनातलं चित्र असतं. काही मुलांना वाटतं की दोन्ही टोकांकडून काहीतरी येतं आणि बल्बमध्ये आपटून उजेड होतो. आणखी काहींना परिपथ पूर्ण लागतो हे पटलेलं असतं, पण परत येणारा प्रवाह कमी झालेला असतो असं वाटतं. न्यूझीलंडचे रॉजर ऑस्बर्न यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या या कल्पना नीट मांडून दाखवल्या. आजही कुठल्याही वर्गात त्या तशाच सापडतात. शिक्षकानं चांगलं समजावून सांगितलं म्हणून त्या जात नाहीत, बल्ब पेटला नाही म्हणून हलायला लागतात.

सुट्या साहित्याची ताकद इथे आहे. बल्बला जोडायच्या दोन जागा असतात, एक बुडाशी आणि एक धातूच्या कडेला, हे मुलाला स्वतः शोधावं लागतं. होल्डर ते झाकतो. किट तर त्याहून जास्त झाकतं, कारण पट्टी जागेवर बसली की जोडणी आपोआप बरोबर होते.

किटच्या बाजूनंही बोलायला हवं. चाळीस मुलांच्या वर्गात सुट्या वायरनी प्रयोग करताना अर्धा वेळ ढिली टोकं धरून ठेवण्यात जातो. जोडणी चुकली आहे की वायर नुसती सुटली आहे हे मुलाला कळत नाही आणि ते वैतागतं. किटमध्ये तसं होत नाही. शिवाय किटवरची मांडणी पुस्तकातल्या चिन्हांच्या आकृतीशी जुळते, त्यामुळे आकृती वाचायला शिकवणं सोपं जातं. ज्या मुलांच्या बोटांची पकड कच्ची आहे त्यांच्यासाठी किट हाच रास्त पर्याय आहे.

माझं मत असं: पहिले एक-दोन तास सुटं साहित्यच हवं, तेही होल्डरशिवाय. एकसर (एकामागोमाग एक) आणि समांतर (प्रत्येकाला वेगळी वाट) जोडणीला आलात की किट काढा, नाहीतर दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या वायर वापरा. सुटे बल्ब घेताना सगळे एकाच व्होल्टचे आणि एकाच अँपिअरचे घ्या. एकसर जोडणीत दोन वेगळ्या बल्बांपैकी एक लख्ख आणि दुसरा मंद पेटला, तर मुलं नेमका नको तो निष्कर्ष काढतात. सेल सुरुवातीला साधे झिंक-कार्बनचे बरे. त्यांचा अंतर्गत रोध (प्रवाहाला सेलच्या आतच होणारा अडथळा) जास्त असतो, म्हणून चुकून शॉर्ट झालं (दोन्ही टोकं थेट जोडली गेली) तरी ते अल्कलाइनइतके तापत नाहीत. पुन्हा चार्ज होणारे सेल शॉर्ट झाले तर खूप मोठा प्रवाह देतात आणि वायर चटका बसण्याइतकी तापते, म्हणून नवशिक्यांना ते देऊ नयेत. लिथियम-आयन बॅटरी आणि भिंतीतली वीज यांचा इथे प्रश्नच नाही.

बल्ब की एलईडी?

एलईडीच्या बाजूची कारणं पटण्यासारखी आहेत. टॉर्चच्या जुन्या बल्बला साधारण ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, एलईडीला ५ ते २० मिलिअँपिअर पुरतो. सेल कितीतरी जास्त टिकतात. कागदावर तांब्याची चिकटपट्टी लावून उजळणारं चित्र करता येतं, आणि ज्या मुलांना विज्ञानापेक्षा चित्रकला जवळची वाटते तीही रमतात.

तरी पहिल्या परिपथासाठी मी बल्बच निवडेन. एलईडी उलटी जोडली तर लागत नाही. लाल एलईडीला १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढरीला आणि निळीला ३च्या आसपास. हातात १.५ व्होल्टचा एकच सेल असेल, तर मूल जोडणी अगदी बरोबर करूनही अंधारातच राहतं. बरोबर विचाराला ‘चूक’ असं उत्तर मिळणं सुरुवातीला फार नुकसान करतं. बल्बला उलट-सुलट काही नसतं, आणि काचेतून आतली बारीक तार दिसते.

बल्बचा खरा उपयोग दुसऱ्या पायरीवर होतो. दोन सारखे बल्ब एकसर जोडायला सांगा, पण आधी अंदाज लिहून घ्या: कुठला जास्त उजळेल? ‘पहिला जास्त, कारण तो आधी वीज घेतो’ असं बरीच मुलं लिहितात. जोडल्यावर दोन्ही सारखेच मंद पेटतात. मग बल्बांची अदलाबदल होते, सेल उलटा होतो, आणि उजेड तसाच राहतो. प्रवाह बल्बमध्ये संपत नाही हे त्या क्षणी मुलांना मान्य करावं लागतं. हाच प्रयोग ३ व्होल्टवर दोन पांढऱ्या एलईडी घेऊन केला तर दोन्ही विझलेल्या राहतात आणि मुद्दा हातातून जातो.

मोठ्या वर्गात मात्र पारडं फिरतं. ओहमचा नियम (व्होल्ट वाढवले की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो) मल्टीमीटरनं, म्हणजे व्होल्ट आणि प्रवाह मोजणाऱ्या यंत्रानं, तपासायचा असेल तर बल्ब वापरू नका. थंड असताना त्याच्या टंगस्टनच्या तारेचा रोध पेटलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे आलेख सरळ येत नाही. त्यासाठी साधा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा तुकडा) घ्या. तो झाल्यावर बल्बचा वाकडा आलेख मुद्दाम काढायला लावा. तेव्हा तो चुकलेला प्रयोग वाटत नाही, नवा प्रश्न वाटतो.

पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी वीज वाहणारी कणीक हा एलईडीचा सर्वात चांगला उपयोग आहे. मिनेसोटामधल्या सेंट थॉमस विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली. मिठाच्या कणकेतून वीज वाहते, साखर आणि शुद्ध केलेलं पाणी घालून केलेली कणीक तिला जवळजवळ अडवते. बॅटरीच्या दोन टोकांना जोडलेल्या मिठाच्या दोन गोळ्यांमध्ये एलईडीचे पाय खोचले की ती लागते, गोळे एकमेकांना चिकटले की विझते. शॉर्ट सर्किट इतक्या निर्धोकपणे दुसरीकडे दाखवता येत नाही. एलईडी थेट बॅटरीला मात्र लावू देऊ नका, ती जळते. इथे तिला कणकेचा रोधच वाचवत असतो.

चिकटपट्टीच्या बहुतेक प्रकल्पांत बटणासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. घरात किंवा वर्गात लहान मुलं असतील तर तो टाळाच. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. झाकणाला स्क्रू असलेल्या डबीतले दोन पेन्सिल सेल तेच काम करतात.

ऊर्जा शिकवायची असेल तर

परिपथ समजला म्हणजे ऊर्जा समजली असं होत नाही. दिवा लावायला काहीतरी खर्च होतं, आणि ते कुठून तरी आणावं लागतं, ही गोष्ट सेल-बल्बच्या प्रयोगात लपलेली राहते. सेल गुपचूप संपत असतो. इथे लिंबू, सौर पॅनेल आणि हातडायनामो हे तीन पर्याय मला शेजारी ठेवून बघावेसे वाटतात.

लिंबाची बॅटरी सगळ्यांची लाडकी आहे, आणि सर्वात जास्त दिशाभूल तीच करते. लिंबात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची पट्टी खोचली की जवळपास १ व्होल्ट मिळतो, पण प्रवाह फार तर मिलिअँपिअरभर. टॉर्चचा बल्ब त्यावर कधीच पेटणार नाही. तीन-चार लिंबं एकसर जोडल्यावर लाल एलईडी अंधुक लागते, तीही खोली अंधारी केल्यावर. ‘लिंबात वीज असते’ एवढंच लक्षात ठेवून मूल घरी जातं. खरं तर ऊर्जा येते जस्त झिजण्यातून, रस फक्त त्या क्रियेला वाट करून देतो. म्हणून हा प्रयोग केलात तर एक पायरी चुकवू नका: जस्ताचा खिळा काढून तिथे दुसरी तांब्याची पट्टी लावा. लिंबू तेच, पण मीटर जवळपास शून्यावर येतो. ही पायरी घेणार असाल तर लिंबू जरूर घ्या.

सौर पॅनेलमध्ये रसायनांची गुंतागुंत नाही आणि मोजायला भरपूर आहे: पॅनेलचा कोन, सावली, ढग. पण त्याला ऊन हवं. दुपारच्या थेट उन्हात चौरस मीटरला सुमारे १००० वॉट पडतात, खोलीतला उजेड त्याच्या शेकडो पटींनी कमी असतो. खिडकीआतल्या वर्गात छोटी मोटर हलत नाही आणि मुलांना पॅनेल बिघडलं असं वाटतं. मैदानावर नेता येत असेल तर उत्तम. तिथे पॅनेलचा एक कोपरा हातानं झाकून बघायला सांगा. पॅनेलमधल्या एकसर जोडलेल्या सौर सेलांपैकी एक झाकला तरी सगळ्या पॅनेलचा प्रवाह कोसळतो, आणि एकसर जोडणीचा धडा पुन्हा भेटतो.

हातडायनामो हे मला या यादीतलं सर्वात मोलाचं साधन वाटतं. काहीच न जोडता मूठ फिरवली तर ती सहज फिरते. बल्ब जोडला की त्याच क्षणी जड होते. दुसरा बल्ब समांतर जोडला की आणखी जड. दोन्ही टोकं थेट एकमेकांना लावली तर सर्वात जड. मुलं आधी म्हणतात, ‘काहीतरी अडकलंय.’ मग वायर काढून, लावून, पुन्हा काढून बघतात. फॅरेडेनं १८३१ मध्ये चुंबक हलवून वीज मिळवली, ती फुकटात मिळत नाही हे इथे दंडाला समजतं. आता बल्बच्या जागी तेवढाच उजेड देणारी एलईडी लावा. मूठ एकदम हलकी होते. एलईडी कमी वीज खाते हे वाक्य त्यानंतर मुलांना पाठ करावं लागत नाही.

याच्या जोडीला एक मोजमाप करून घ्या. १ किलो वजन १ मीटर उचलायला साधारण १० जूल लागतात. अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे १० हजार जूल मावतात, म्हणजे तेच वजन हजार वेळा उचलण्याइतके. दहा-वीस वेळा उचलून दमलेल्या मुलाला विचारा की सेल स्वस्त आहे का महाग. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

डायनामो घेताना आत दातेरी चाकं आहेत ना बघा. नुसती छोटी मोटर बोटांनी फिरवून एलईडी लागण्याइतका व्होल्टेज मिळवणं अवघड असतं.

अभियांत्रिकीचा भाग हवा असेल तर पवनचक्कीची पाती हा चांगला विषय आहे. पात्यांची संख्या, कोन, आकार यांतलं एका वेळी एकच बदलायचं, पंखा तेवढ्याच अंतरावर ठेवायचा आणि व्होल्ट नोंदवायचे. जास्त पाती म्हणजे जास्त वीज, ही पैज बहुतेक गट लावतात, आणि कित्येकदा हरतात.

पडदा की टेबल?

सिम्युलेशनला कमी लेखू नये. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या फेट प्रकल्पाचं परिपथाचं सिम्युलेशन मोफत आहे. ते वापरून शिकलेले विद्यार्थी पुढे खरे परिपथ जोडण्यातही, खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. पण ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते. नऊ वर्षांच्या मुलाला ते जसंच्या तसं लागू करायला माझं मन धजत नाही.

पडदा एक गोष्ट अशी दाखवतो जी टेबलावर दिसणं शक्यच नाही: स्विच दाबताच सगळ्या वायरमधले इलेक्ट्रॉन एकदम सरकतात. प्रत्यक्षात ते सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे जात नाहीत, तरी दिवा लगेच लागतो, कारण वायर आधीपासून भरलेलीच असते. याउलट पडद्यावर मूठ जड होत नाही आणि सेल तापत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: टेबलावर बल्ब, मग पडद्यावर आतलं चित्र, मग पुन्हा टेबलावर. साहित्यच नसेल तर नुसतं सिम्युलेशन फळ्यावरच्या आकृतीपेक्षा नक्कीच बरं.

मायक्रो:बिटसारखी प्रोग्राम करता येणारी बोर्डं मी या स्पर्धेत धरतच नाही. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा दिवा करायचा असेल तर ती छान आहेत, पण तो तास प्रोग्रामिंगचा होतो. परिपथ पक्का झालेल्या, बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना द्यावीत.

संच किती?

हा प्रश्न साधनाच्या निवडीइतकाच वजनदार आहे. परिपथाच्या साहित्याचा संच दोन मुलांमागे एक हवा. पाच जणांच्या गटात एकच जण जोडतो, दुसरा सूचना करतो आणि उरलेले बघे होतात. तेवढ्याच पैशात मोजकीच देखणी किट किंवा वर्गभर सुटं साहित्य येत असेल, तर सुटं साहित्य घ्या आणि वायरची टोकं आदल्या दिवशी सोलून ठेवा. डायनामोचं तसं नाही. दोन-तीन असले तरी ते वर्गात फिरवता येतात, फक्त प्रत्येक मुलाच्या हातात मूठ आली पाहिजे आणि ती फिरवत असताना वायर दुसऱ्यानं जोडली पाहिजे, आधी न सांगता.