चुंबकी दार-अलार्म: एकट्या पालकाला मोठा आधार, पण बसवताना जपा

नवरा बोटीवर किंवा सीमेवर, घरात आई एकटी, आणि ऑटिझम असलेलं मूल दार उघडलं की बाहेर धावणारं. अशा घराला ही छोटीशी वस्तू खरंच मोलाची आहे.

आवाजाचा डबा चौकटीला, चुंबक दाराला; दार उघडून चुंबक दूर गेला की अलार्म वाजतो. दार बंद असताना दोघांत १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, चुंबक सरकतो आणि अलार्म उगाच वाजत राहतो. सोबतच्या चिकटपट्टीवर विसंबू नका, स्क्रूच मारा. अलार्मही वरच्या कोपऱ्यात बसवा, स्टुलावर चढूनही मुलाचा हात पोचणार नाही असा.

सायरन फार कर्कश असतो. आवाज सहन न होणारं मूल कान दाबून कोपऱ्यात बसतं, म्हणून ‘डिंगडाँग’ची सोय असलेलाच घ्या. न्हाणीघरात नळ सोडून तो ऐकू येतो का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

सगळ्यांत धोक्याचे ते अलार्ममधले बटण सेल, म्हणजे बटणासारखे छोटे चपटे सेल. गिळलेला सेल २ तासांत अन्ननलिका भाजू शकतो. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर तो अलार्म घेऊच नका.