गच्ची, छज्जा आणि मानधन

मुलुंडच्या आमच्या चार मजली सोसायटीने गेल्या वर्षी वरच्या मजल्यांवरील उकाड्यावर उपाय शोधण्यासाठी एका वास्तुविशारद बाईंचा सल्ला घेतला. त्यांची तीस वर्षांची कारकीर्द पर्यावरणपूरक बांधकामातच गेली आहे. भेटीसाठी त्यांनी मे महिन्यातील दुपारी दोनची वेळ मुद्दाम मागून घेतली. चौथ्या मजल्यावरील आजींच्या खोलीत स्टुलावर चढून त्यांनी छताला तळहात टेकवला, आणि वही उघडण्याआधी विचारले, "आजी, दुपारी तुम्ही आडव्या कुठे होता?" आजी स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकतात, कारण वाऱ्याची झुळूक तेवढी तिथेच लागते. आम्हा कमिटीतल्या कोणालाही हे कधी विचारावेसे वाटले नव्हते.

कमिटीच्या मनात गच्चीवर पत्र्याची शेड आणि दर्शनी भागाला काच होती. बाईंनी दोन्हीला नकार दिला. त्याऐवजी गच्चीवरचा जुना कोबा (पाणी झिरपू नये म्हणून दिलेला थर) दुरुस्त करून त्यावर पांढऱ्या चायना मोझेकचा, म्हणजे चिनीमातीच्या फरशीच्या तुकड्यांचा, थर द्यावा, कारण पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवतो आणि स्लॅब कमी तापतो. पश्चिमेच्या खिडक्यांवर रुंद छज्जे काढावेत. आणि जिन्यातील जी सिमेंटची जाळी कोणे एके काळी काच लावून बंद केली होती ती पुन्हा मोकळी करावी, असे त्यांनी सुचवले. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या एका वेळी निम्म्याच उघडतात, म्हणून पुढे खिडक्या बदलताना झडपांच्याच घ्याव्यात, असेही सांगितले.

सर्वसाधारण सभेत त्यांनी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या, १९८३ साली पूर्ण झालेल्या मुंबईतील कांचनजंगा इमारतीचे उदाहरण दिले. मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच येतात. म्हणून कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना घेऊन घरांच्या कोपऱ्यांत दुप्पट उंचीच्या गच्च्या ठेवल्या. आमचे छज्जे हा त्याच विचाराचा आमच्या ऐपतीतला अवतार आहे, हे मग सर्वांना पटले.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांचे मानधन. वास्तुविशारदाचे मानधन बहुधा बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरते, म्हणजे खर्च वाढला की मानधनही वाढते. बाई ठरावीक रक्कम घेतात. उमेदीची काही वर्षे त्यांनी तिरुवनंतपुरमला, कमी खर्चाच्या घरांसाठी ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या पद्धतीच्या कामांवर काढली. तेथे विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवतात; त्यामुळे सुमारे पाव विटा वाचतात आणि भिंत उष्णता कमी आत घेते. कमी साहित्यात काम भागवणे हेच कौशल्य असेल, तर त्याचा मोबदला खर्चाच्या टक्केवारीत कसा मागायचा, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या सल्ल्याने आमचा शेड आणि काचेचा खर्च वाचला, आणि त्यांना त्यातून एक रुपयाही जास्त मिळाला नाही.

उणिवाही आहेत. अहवाल ठरल्यापेक्षा सहा आठवडे उशिरा आला आणि तो इंग्रजीत होता. ज्येष्ठ सभासदांसाठी मराठी गोषवारा आम्हालाच तयार करावा लागला. एका वेळी त्या दोनच सोसायट्यांचे काम घेतात, त्यामुळे मे महिन्यात घाम पुसत फोन करण्यापेक्षा दिवाळीनंतर लगेच वेळ मागावी. मोझेकचे काम यंदा मे उजाडण्याआधी पुरे झाले. यंदाच्या मे महिन्यात आजींची चटई खोलीतच होती. पंखा लागतोच, पण छताला हात लावला तर आता चटका बसत नाही.